बावट्याचे कर्म

शस्त्र न उचलता, गोळी न झाडता, दिवसभर समुद्राकडे डोळे लावून बसणारा आणि जे दिसले ते काठीवर बावटा चढवून कळवणारा माणूस हिंसेचा वाटेकरी ठरतो का? प्रश्न बंदरातला असला तरी तो जयसिंगपुरात बसून विचारण्यात गैर काही नाही. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकऱ्याला नांगराच्या फाळाखाली सापडणाऱ्या जिवांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला आहे. रान स्वतः नांगरणारा, गड्याकडून नांगरून घेणारा आणि दुसऱ्याच्या नांगरटीला मनातून मान डोलावणारा, या तिघांत दोषाची वाटणी कशी होते यावर इथल्या बस्त्यांमध्ये चातुर्मासात प्रवचने होतात. हिंसेचे वाटेकरी मोजण्यात जैन आचार्यांइतकी चिकाटी दुसऱ्या कोणी दाखवली असेल असे मला वाटत नाही. राहता राहिला समुद्र. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले, आखीव गल्ल्यांची पेठ उभी केली, तोवर कोल्हापूर संस्थानाचा समुद्र सुटून शतक उलटले होते. पण त्याआधी सिंधुदुर्ग आणि मालवण कोल्हापूरकर छत्रपतींकडेच होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, पुढच्या वर्षी तो परत केला, आणि १८१२ च्या तहात मालवण बंदर कायमचे काढून घेतले. तेव्हा किनाऱ्यावरून कोण कोणाकडे पाहत होते, हा आमच्याही घरचा प्रश्न आहे.

परक्या सत्तेच्या बंदरात सिग्नल स्टेशन उभे राहते म्हणजे नेमके काय घडते? एक उंच जागा लागते, दुर्बीण घेतलेला माणूस लागतो, बावटे किंवा दिवा लागतो, आणि एक पुस्तक लागते. यातल्या जागेचे मोल शिवाजी महाराजांनी अचूक ओळखले होते. १६७९ मध्ये मायनाक भंडारीच्या हाताखाली त्यांच्या माणसांनी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. बेट निर्जन होते, पण मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी होते. आत शिरणारे गलबत तिथून दिसल्यावाचून राहत नसे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने आपला अधिकारी केग्विन याला गलबते देऊन पाठवले, नाकेबंदी केली, चकमकी केल्या आणि अखेर १६८० च्या सुरुवातीला हात टेकून तह केला. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी धरले ते त्याच धास्तीने. त्या खडकासाठी एवढा आटापिटा झाला तो तिथे चढणाऱ्या तोफांमुळे जितका, तितकाच तिथून रोखल्या जाणाऱ्या डोळ्यांमुळे, असे माझे मत आहे. पुढे मुंबई वाढली तसे हे डोळेही वाढले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलाब्याच्या टोकाला दीपगृह झाले, १८६७ मध्ये खुद्द खांदेरीवर इंग्रजांचा दिवा लागला आणि १८७५ मध्ये प्राँग्जच्या खडकावरील दीपगृहाने कुलाब्याच्या जुन्या दिव्याची जागा घेतली.

पण स्टेशनचा आत्मा जागेत नसतो, पुस्तकात असतो. १८१७ मध्ये कॅप्टन मॅरियट यांनी व्यापारी जहाजांसाठी संकेतांचे पुस्तक काढले. १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारने अठरा बावट्यांचे कोड प्रसिद्ध केले आणि त्यातूनच आजचे आंतरराष्ट्रीय संकेतकोड वाढले. या पुस्तकांमुळे एक मोठा बदल झाला. आधी टेहळ्या धावत येऊन सांगे, की अमुक रंगाच्या शिडाचे, अमुक आकाराचे तारू दिसते आहे. ऐकणारा त्यावर विचार करून ठरवी. आता टेहळ्याने पाहिलेली गोष्ट एका ठरलेल्या खणात बसू लागली आणि त्या खणाला ठरलेला हुकूम जोडलेला असे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईसह हिंदुस्थानच्या प्रमुख बंदरांत ‘पोर्ट वॉर सिग्नल स्टेशन’ उभारली गेली, तेव्हा या व्यवस्थेचे टोक गाठले गेले. येणाऱ्या जहाजाला दिव्याने ओळख विचारायची, त्याने त्या दिवसाचे गुप्त उत्तर द्यायचे. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर तपासणीच्या नौकेला इशारा आणि किनाऱ्यावरच्या तोफखान्याला इशारा. दिवा लुकलुकवणाऱ्याने तोफेला हात लावलेला नसतो. तोफवाल्याने जहाजाची ओळख विचारलेली नसते. प्रत्येकजण फक्त आपल्या वाटणीचे काम करतो, आणि शेवटी माणसे बुडतात.

आता शास्त्राकडे वळू. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड टाळण्याचे एक व्रत आहे. त्याच्या पाच प्रकारांत एक हिंसादान, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, विस्तव, साखळ्या अशी घाताची साधने दुसऱ्याला देणे. आणि एक पापोपदेश, म्हणजे पापाला वाट दाखवणारे बोलणे. या पापोपदेशाचे पोटभेद सांगताना आचार्य अकलंकदेवांनी ‘तत्त्वार्थराजवार्तिका’त वधकोपदेशाचे उदाहरण दिले आहे. शिकाऱ्याला, पारध्याला, पाखरे धरणाऱ्याला नुसते सांगायचे, की अमुक प्रदेशात हरणे आहेत, अमुक ठिकाणी रानडुकरे आहेत, तिकडे पक्षी उतरले आहेत. सांगणाऱ्याने जाळे दिलेले नाही, बाण दिलेला नाही, मारा असे म्हटलेले नाही. त्याने दिली ती केवळ ठावठिकाण्याची माहिती, तीही खरी. तरी आचार्यांनी तिला वधकोपदेश म्हटले. बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या ओळींत सिग्नल स्टेशनचे सगळे कामकाज आले आहे, फक्त हरणाच्या जागी जहाज ठेवायचे. खरे बोलणे हा बचाव इथे चालत नाही, आणि ‘मी फक्त कळवले’ हाही नाही.

चिकित्सक वाचक इथे अडवेल. अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन पाप, आणि बंदराची टेहळणी निष्प्रयोजन मुळीच नाही. मग हे उदाहरण इथे लागू कसे? हरकत रास्त आहे. म्हणून नुसत्या त्या व्रतावर न विसंबता कर्मबंधाच्या मूळ हिशेबाकडे जावे लागते, आणि तो ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सहाव्या अध्यायात आहे. मनात बेत करणे तो संरंभ, साधनांची जमवाजमव तो समारंभ, प्रत्यक्ष सुरुवात तो आरंभ. हे तिन्ही मनाने, वाचेने आणि कायेने होतात. स्वतः केलेले, करवलेले आणि मान्यता दिलेले असे होतात. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चारांपैकी कशाच्या तरी जोराने होतात. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकूण १०८. जपमाळेच्या १०८ मण्यांशी हा आकडा जोडून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मणी ओढताना हिशेब कोणी करीत नाही. तो केला तर दिसते की सिग्नल स्टेशन उभारणे हा समारंभाचा अगदी नमुनेदार प्रकार आहे. टेकडी निवडणे, काठी रोवणे, माणूस नेमणे, पुस्तक छापणे: अजून एकही गोळी सुटलेली नाही, पण हिंसेची साधने जमून तयार आहेत. आणि बावटा चढणे हे वाचिक कर्म आहे, मग जीभ हलो वा न हलो. इथे प्रयोजन असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही नुसते पाहणे आणि सांगणे हे पाप, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. तसे असते तर संजयाला काय म्हणायचे? व्यासांनी त्याला दिव्य दृष्टी दिली, त्याने अठरा दिवसांचे युद्ध पाहिले आणि आंधळ्या राजाला सांगितले. कोण कुठे आहे, कोणाचा रथ मोडला, कोण पडला, सगळा ठावठिकाणा. पण त्याच्या सांगण्याने कुरुक्षेत्रावर एक बाण कमी झाला नाही की जास्त झाला नाही, कारण धृतराष्ट्राच्या कानातून रणांगणावर परत जाणारी वाट नव्हती. संजयाच्या दृष्टीला हुकूम जोडलेला नव्हता. म्हणून तो साक्षी राहिला. सिग्नल स्टेशनचा टेहळ्या साक्षी राहू शकत नाही तो याच कारणाने: त्याच्या पाहण्याला पुढची कृती आधीच शिवलेली असते. माझे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. डोळा निर्दोष आहे, दिवाही निर्दोष आहे. अमुक दिसले की अमुक करायचे, असे जिथे आधी ठरवून ठेवले जाते तिथे कर्म घडते, आणि त्याचा मोठा वाटा ते ठरवून ठेवणाऱ्याचा आहे. याचे चांगले उदाहरण शोधायला कोकणात उतरावे लागत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. मोजपट्टी वाचणारा कर्मचारी फक्त आकडा सांगतो. पण त्या दोन आकड्यांना कोणती हालचाल जोडायची, कोणत्या गावांना कधी उठवायचे, हे कोणीतरी कोरड्या दिवसांत बसून ठरवलेले असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्याने जे भोगले ते आठवणाऱ्याला कळेल, की त्या ठरवण्याची तपासणी मोजपट्टीच्या तपासणीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. हीच काठी, हाच दिवा, हेच बावटे किती जीव वाचवतात! १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केल्यावर १८६५ मध्ये तिथे बंदराला वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १८८० च्या सुमारास ती मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला अशा पश्चिमेच्या बंदरांपर्यंत आली. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढ्या शब्दांवर आजही कोकणातला नाखवा होडी वर ओढून घेतो. आणि निरोप पोचण्याची सोय नसली म्हणजे काय होते, ते १७ जुलै १९४७ ला दिसले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत कलंडली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते. माणसे बुडत असताना मुंबईला पत्ताच नव्हता. जे पोहून वाचले ते किनाऱ्याला लागल्यावर बातमी फुटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बावट्याला हिंसेचे साधन म्हणणाऱ्याला लोक वेडा ठरवतील, आणि ते चूक नसेल. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट नीट उभे करतो. वादळाच्या बावट्याला जोडलेला हुकूम आहे ‘परत फिरा’. तो ज्याला दिसतो त्याच्याच भल्यासाठी लागलेला असतो आणि त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. युद्धाच्या बावट्याचा अर्थ ज्याच्यावर तो लागतो त्याच्यापासून लपवलेला असतो. काठी एक, कापड एक, माणूसही एक. पुस्तकाचे पान वेगळे. खांदेरीच पाहा. १६७९ मध्ये तो मराठ्यांचा इंग्रजांवर रोखलेला डोळा होता, १८६७ नंतर तो इंग्रजांच्या जहाजांचा सोबती झाला, कोळी बांधवांसाठी तो सगळा काळ वेतोबाचे ठाणे राहिला, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या दुर्गांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. खडक तसूभरही हललेला नाही.

इथे कोणीतरी अनेकांतवाद पुढे करील: कंपनीच्या बाजूने पाहा, मराठ्यांच्या बाजूने पाहा, सगळेच आपापल्या परीने बरोबर. अनेकांताचा असा स्वस्त वापर अलीकडे फार वाढला आहे. वस्तूला अनेक अंगे आहेत एवढेच अनेकांत सांगतो. प्रत्येक करणीला सारखीच माफी आहे असे तो कुठेही म्हणत नाही. म्हणून पुढचा आक्षेप त्या मार्गाने न सोडवता समोरून घ्यायला हवा. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिली पूर्ण टाळायची, बाकीच्या तीन गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाहीत. स्वतःवर, आश्रितांवर, देशावर चालून आलेल्याला रोखणे ही विरोधी हिंसा. जैन परंपरेने योद्ध्यांना कधी वाळीत टाकले नाही. गोमटेश्वराची मूर्ती घडवणारा चामुंडराय सेनापती होता. कोल्हापुरात रूपनारायण बस्ती बांधणारा निंबदेव शिलाहार गंडरादित्याचा सामंत आणि सेनानी होता. मग बंदराचे रक्षण करणारी टेहळणी विरोधी हिंसेत का बसू नये? जून १९१७ मध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ जर्मन ‘वोल्फ’ या नौकेने पेरलेल्या सुरुंगावर आदळून बुडाले. समुद्रावर जागता पहारा नको असे त्या उतारूंच्या नातेवाइकांना कोण सांगणार होते?

या आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो. विरोधी हिंसेची सवलत खरी आहे, पण तिला अट आहे: जे राखायचे ते आपले असावे, आणि राखण्यापलीकडे हात जाऊ नये. परक्या सत्तेच्या बंदरात ही अट पहिल्याच पायरीवर अडखळते. कंपनीची काठी मुंबईत उभी होती, पण ती मुंबईकरासाठी उभी नव्हती. ती कंपनीच्या मालासाठी होती. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल होते, आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना दस्तक घ्यायला लावत होते, म्हणजे राज्यकर्ता जे करतो तेच करीत होते. कंपनीच्या कागदांत ते चाचे. कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर मोहिमा पाठवल्या त्या याच खात्यावर, आणि दोन्ही फसल्या. टेहळ्याला क्षितिजावर दिसे ते एक शीड. ते शत्रूचे की मित्राचे, चाच्याचे की सरखेलांचे, हे शिडावर लिहिलेले नसते. ते बघणाऱ्याच्या मालकाने ठरवलेले असते. अशा ठिकाणी ‘विरोधी’ हा शब्द वापरायचा म्हणजे आपणच दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहून घरधन्याला आगंतुक म्हणायचे. हीच कसोटी उलट बाजूलाही लावली पाहिजे, हे मला मान्य आहे. खांदेरीवरच्या मराठी टेहळ्याने कोळ्याच्या होडीला उगाच अडवले असेल, तर त्यालाही देशरक्षणाची सवलत लागू नाही.

याच जागी आपल्याच समाजाचा एक अवघड दाखला आठवतो. मुंबईचे शेठ मोतीशा (१७८२–१८३६) जैन होते, जहाजांचे मालक होते, भायखळ्याचे देऊळ त्यांचे. १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ उभी राहिली तीत त्यांच्या घराण्याचा हात होता. त्यांची दया दिखाऊ होती असे म्हणण्याचे काही कारण नाही. पण चीनशी चाललेल्या ज्या व्यापारात त्यांची भागीदारी होती त्यात कापसाबरोबर अफूही जात होती. जहाज क्षितिजावर आल्याची बातमी देणारा बावटा या व्यापाराच्याही उपयोगी होता, आणि १८३९ मध्ये त्याच अफूपायी युद्ध पेटले. मोतीशांना आज कठड्यात उभे करण्यात मला रस नाही. तेव्हाच्या मुंबईतले किती धनिक त्यातून सुटतील? मुद्दा इतकाच, की कुत्र्याला आणि पाखराला वाचवणारी करुणा बंदराच्या काठीपाशी येऊन थांबली. नांगराखालचा किडा मोजणाऱ्या परंपरेने जहाजाखालचा माणूस मोजला नाही, कारण मधे इतके हात, इतके बावटे आणि इतके कागद होते की कोणाच्याच खात्यावर पूर्ण रक्कम पडत नव्हती. दिग्व्रताने दिशांना मर्यादा घालायला सांगितली ती या दृष्टीने फार दूरदर्शी वाटते: जितक्या लांब माझा व्यवहार जाईल तितक्या लांब माझा दोषही जाईल, म्हणून आधीच रेघ ओढा.

शेवटचा आक्षेप बावटा चढवणाऱ्या हाताच्या बाजूचा आहे. पगारी माणूस, हुकमाचा ताबेदार, त्याला कोडच्या पुढचे काही ठाऊक नाही, तो निमित्तमात्र. गीतेतला हा शब्द असा कोणाच्याही मदतीला धावतो. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त या प्रश्नाला सरळ हात घातला आहे. एक जण हिंसा करतो आणि फळ अनेकांना मिळते. अनेक जण हिंसा करतात आणि फळ एकाला मिळते, असे ते म्हणतात. हिशेब हातांच्या संख्येवर चालत नाही, भावाच्या तीव्रतेवर चालतो. त्यामुळे कोड लिहिणाऱ्याचा वाटा बावटा चढवणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, आणि ज्याने मुद्दाम खालच्या माणसाला अंधारात ठेवले त्याच्याकडे त्या माणसाच्या अज्ञानाचाही वाटा जातो. पण खालच्याचा वाटा शून्य होत नाही. हिंसेची व्याख्याच प्रमत्तयोगाने प्राणघात अशी आहे. बेसावधपणे, ‘मला काय त्याचे’ म्हणून केलेले काम हा प्रमादच आहे. आणि निमित्तमात्र म्हणवणारी माणसे खरोखर तशी नसतात याचा पुरावा त्याच कुलाब्याने दिला. १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांनी काम थांबवले ते ‘तलवार’ या ठाण्यात, आणि ‘तलवार’ म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची सिग्नल शाळा. तिथला बलाईचंद्र दत्त हा तारायंत्रावरचा नाविक. भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल त्याला आधीच अटक झाली होती. ज्यांना दुसऱ्यांचे निरोप पोचवायला शिकवले होते त्यांनी त्याच यंत्रांवरून आपला निरोप पोचवला, आणि काही दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. २३ फेब्रुवारीला त्यांनी शरणागती पत्करली. तोवर मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात मेली होती. हे बंड अहिंसेचे होते असे मी म्हणत नाही. कराचीत ‘हिंदुस्तान’ या जहाजावरून तोफाही चालल्या. मी एवढेच म्हणतो, की संदेश पोचवणाऱ्या हाताला नाही म्हणता येते, आणि जिथे नाही म्हणता येते तिथे जबाबदारी असते.

हे मान्य केले की आजची परिस्थिती अधिक कठीण दिसू लागते. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर पहिल्या टप्प्यात ४६ रडार बसवले गेले, त्यांतले कितीतरी जुन्या दीपगृहांवरच. जहाजे आपली ओळख आता यंत्राने आपोआप सांगतात. हा देश आमचा, किनारा आमचा, म्हणून विरोधी हिंसेची अट इथे पुरी होते, आणि या पहाऱ्याला माझा विरोध नाही. पण कुलाब्याच्या टेहळ्याच्या जागी आता यंत्र आहे. कोणत्या हालचालीला संशयास्पद म्हणायचे, कोणत्या होडीला आधी थांबवायचे, हे आज्ञावलीत लिहिले जाते, आणि ‘तलवार’वरच्या मुलांनी केला तसा नकार यंत्र देणार नाही. म्हणजे वाटणीतला खालचा वाटाच उरला नाही. सगळा भार लिहिणाऱ्यावर आला. जयसिंगपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इथली मुले शिकून पुण्या-बंगळुरात जातात आणि अशीच पुस्तके लिहितात, मग ती बंदराची असोत, बँकेची असोत की पोलिसांची. येत्या दशलक्षण पर्वात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रवचनकारांनी तलवार आणि कुऱ्हाड उसनी देण्याच्या जुन्या उदाहरणावर थांबू नये. अकलंकदेवांचा शिकारी आणि त्याला हरणांचा ठिकाणा सांगणारा माणूसही सांगावा, आणि समोर बसलेल्या इंजिनिअर मुलांना विचारावे, की तुम्ही जे लिहिता त्यात ‘हे दिसले की हे करा’ असा हुकूम कोणावर लागणार आहे, आणि तो त्याला वाचता येतो का.